पाकात लिंबू कधी पिळायचं?

(पत्राचा सारांश. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

पत्रलेखिका २७ वर्षांची, बायोमेडिकल इंजिनिअर, एकुलती एक. पुण्यात वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीत नोकरी करते. आई ६२ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली. आईवडील सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतात. दीड वर्षापूर्वी आईला अल्झायमर असल्याचं निदान झालं. आता डॉक्टर म्हणतात, सौम्य अवस्थेतून मध्यम अवस्थेकडे चाललंय. निदानानंतर लेकीनं जिद्दीनं अभ्यास केला आणि युरोपातल्या एका विद्यापीठात पीएच.डी.ची जागा मिळवली. विषय आहे अमायलॉइड बीटा या प्रथिनाच्या मेंदूत गुठळ्या होऊ नयेत म्हणून छोटे पेप्टाइड (अमिनो आम्लांच्या लहान साखळ्या) घडवण्याचा. चार वर्षांचं काम, सप्टेंबरात रुजू व्हायचंय. बाबा म्हणतात, "खुशाल जा, मी आहे." मावशी म्हणते, "आई अशी असताना परदेश सुचतो तरी कसा?" ह्यूस्टनचा आतेभाऊ म्हणतो, "इकडे इंजेक्शन निघालंय, जमीन विका पण मामीला द्या." लेक लिहिते, "मी आईसाठीच चाललेय. गेले तर आईला सोडलं, राहिले तर आईचं औषध सोडलं. काय करू?" आणि अगदी शेवटी, "हा आजार मलाही होईल का?"

*

तुझ्या पत्रातली एक ओळ मी सारांशात घेतली नाही, ती इथे घेते. आई हल्ली सकाळी पेपर घेऊन बसते, लाल पेनानं बातम्यांवर बरोबरच्या खुणा करते आणि आवडलेल्या जाहिरातीखाली 'छान' असा शेरा देते. हे तू कंसात, जाता जाता लिहिलंयस. बाकीची तीन पानं प्रथिनांबद्दल आहेत. म्हणून सुरुवात प्रथिनांपासूनच करते, लाल पेनाकडे नंतर येऊ.

मी स्वतः तीस वर्षं प्रथिनांच्या प्रयोगशाळेत काढली. अल्झायमरवर नव्हे, पण गुठळ्यांशी संबंध रोजचाच. त्यामुळे तुझा विषय कळतो आणि त्याची ओढही कळते. इतर वाचकांसाठी थोडं सोपं करून सांगते.

गुलाबजामचा पाक करताना आपण त्यात चार थेंब लिंबू पिळतो. नाही पिळलं तर पाकाची परत साखर होते. साखरेचे रेणू एकासारखे एक असतात. ते शेजारी शेजारी रांगेत बसले की खडा तयार होतो, आणि एक खडा झाला की त्याच्या आधारानं पुढचे भराभर बसतात. लिंबाच्या आंबटपणानं काही साखर फुटते, हे वेगळ्या आकाराचे तुकडे रांगेत घुसतात आणि रांग मोडते. अमायलॉइड बीटाचंही काहीसं असंच आहे. एका मोठ्या प्रथिनाला दोन विकरं कात्रीसारखी कापतात आणि ४० किंवा ४२ अमिनो आम्लांचा तुकडा सुटा होतो. हे सगळ्यांच्याच मेंदूत रोज होतं, तुझ्या नि माझ्याही. काही मेंदूंत हे तुकडे एकमेकांना चिकटून तंतू होतात. पहिला खडा जमायला खूप वेळ लागतो, नंतर वेग वाढतो, कारण तयार तंतूच्या अंगावरही नवे खडे धरतात. तू जे पेप्टाइड घडवणार आहेस ते म्हणजे लिंबू. अमायलॉइडच्याच साखळीतला एक लहान भाग उचलायचा, त्यात फेरफार करायचा, म्हणजे तो रांगेत शिरतो पण पुढच्याला जागा देत नाही. ही कल्पना १९९६ पासून छापील आहे. म्हणजे तू पहिलीत जाण्याच्या कितीतरी आधीपासून.

आता माझा पहिला प्रश्न. लिंबू पाकात कधी पिळतात?

उकळताना. पातेल्याच्या कडेला साखर धरल्यावर कितीही लिंबं पिळली तरी उपयोग नसतो. प्रयोगशाळेतल्या नळीत हे तंतू काही तासांत तयार होतात. माणसाच्या मेंदूत मात्र विस्मरण दिसायला लागण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधी ते साठायला लागलेले असतात. आईच्या मेंदूत हे सुरू झालं तेव्हा ती बहुधा पाचवीच्या वर्गावर अपूर्णांक शिकवत होती आणि तू शाळेत होतीस. गुठळ्या होऊ न देणारं औषध उद्या सकाळी हातात आलं, तरी त्याचा खरा उपयोग ज्यांना अजून काहीच त्रास नाही अशा माणसांना होईल. आणि ते उद्या सकाळी येणार नाही. चार वर्षांनी तुझ्या हातात प्रबंध असेल, औषध नव्हे. प्रबंधापासून उंदीर, उंदरापासून माणूस, माणसापासून परवाना हा रस्ता सगळं नीट झालं तरी दहा वर्षांच्या आत क्वचितच संपतो.

म्हणून "आईसाठीच चाललेय" हे वाक्य मला खटकलं. ते खोटं आहे असं नव्हे. तू ते मनापासून लिहिलंयस. पण त्यामुळे निर्णय उगाच अवघड झालाय. तुझ्या तराजूत एका पारड्यात आई आहे आणि दुसऱ्यातही आईच. असा तराजू हलणार कसा? दुसऱ्या पारड्यातून आईला उचल. तिथे तुझं स्वतःचं कुतूहल ठेव, तुझं करिअर ठेव, वीस वर्षांनी कुणा अनोळखी बाईला होणारा उपयोग ठेव. तेही वजनदार आहेच. त्याची लाज वाटायचं कारण नाही.

दुसरी एक भीती आहे, ती प्रयोगशाळेत राहिलेल्या माणसालाच कळेल. गुठळ्या मोजायला तू थायोफ्लेविन-टी वापरशील. हा रंग तंतूंना चिकटला की चमकतो. ९६ खळग्यांची प्लेट यंत्रात ठेवायची आणि आलेख चढायची वाट बघायची. आमच्याकडे त्या यंत्राशेजारी 'दार आपटू नये' अशी पाटी होती, कारण हादऱ्यानंसुद्धा पहिला खडा लवकर धरतो आणि आलेख बदलतो. तेच पेप्टाइड, तीच कंपनी, नवी बाटली, आणि मागच्या महिन्याचा निकाल येतच नाही. पहिली दोन वर्षं बहुतेकांची अशीच जातात. प्रत्येक प्लेट आईच्या नावानं लावलीस, तर मंगळवारी बिघडलेली प्लेट म्हणजे आईला दिलेलं वचन मोडल्यासारखं वाटेल. हे ओझं घेऊन चांगलं संशोधन होत नाही. हवं ते दिसायला लागतं, आणि त्याहून वाईट काही नाही. याच क्षेत्रात २००६ साली 'नेचर'मध्ये आलेला, शेकडो जणांनी आधाराला घेतलेला एक शोधनिबंध आकृत्यांत फेरफार झाल्याचं उघड झाल्यावर २०२४ मध्ये मागे घ्यावा लागला.

क्षेत्राचा इतिहासही जाण्याआधी नीट वाच. १९०६ साली आलोइस अल्झायमरनं आउगुस्ट डेटर या बाईच्या मेंदूतले ठिपके आणि गुंते सांगितले. १९८४ मध्ये ग्लेनर आणि वाँग यांनी अशा रुग्णांच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांत साठलेलं अमायलॉइड बीटा ओळखलं, आणि लगेच पुढे ठिपक्यांतही तेच प्रथिन सापडलं. तिथून पुढे अपयशांची रांगच आहे. गुठळ्या रोखायला काढलेलं ट्रॅमिप्रोसेट २००७ मध्ये मोठ्या चाचणीत फसलं. कापणाऱ्या विकराला अडवणारं सेमागॅसेस्टॅट २०१० मध्ये थांबवावं लागलं, कारण औषध घेणाऱ्यांची अवस्था जास्त बिघडली. अमायलॉइडविरुद्धच्या लसीची चाचणी २००२ मध्येच मेंदूला सूज आल्यानं बंद झाली होती. मोठे तंतू अडवले तर मधल्या, लहान आणि बहुधा जास्त विषारी तुकड्यांचं काय होतं, ही चिंता तुझ्याही विषयाला आहे. शिवाय टाऊ नावाचं दुसरं प्रथिन आहे आणि विस्मरणाचा मेळ त्याच्याशी जास्त बसतो. गुठळ्या म्हणजेच आजार, असं धरून चालू नकोस. तुझ्या होणाऱ्या प्राध्यापकांना हे विचार. ते चिडले तर ती प्रयोगशाळा तुझ्यासाठी नाही.

पण निराश करायला बसलेले नाही. प्रथिन विस्कटून चिकटू नये म्हणून औषध घडवणं शक्य आहे, याचा पुरावा आहे, फक्त दुसऱ्या आजारात. ट्रान्सथायरेटिन नावाचं प्रथिन हृदयात आणि मज्जातंतूंवर साठतं. त्याचे चार तुकडे सुटू नयेत म्हणून जेफ्री केली यांच्या गटानं एक रेणू घडवला, टाफामिडिस. त्याला २०११ मध्ये युरोपात आणि २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. हृदयाच्या त्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण त्यानं कमी झालं. तिथे सुटं होण्याआधी धरायचं होतं आणि औषधाला रक्तातच पोचायचं होतं. तुझ्या पेप्टाइडला रक्त आणि मेंदू यांच्यामधली भिंत ओलांडायचीय. तिथेच तुझ्यासारख्या इंजिनिअरची गरज आहे. २०२४ च्या सुरुवातीला वेस्ट व्हर्जिनियातल्या एका गटानं अल्ट्रासाउंडनं ती भिंत थोडा वेळ उघडून औषध आत सोडल्याचा अहवाल दिला. रुग्ण फक्त तीन, पण वाचून माझ्यासारखी निवृत्त बाईही खुर्चीत सरसावून बसली.

ह्यूस्टनच्या भावाला उत्तर द्यायचं तर आकडे हाताशी ठेव. तो ज्याबद्दल बोलतोय ते बहुधा लेकॅनेमॅब. १,७९५ जणांवर १८ महिने चाचणी झाली. घसरणीचा वेग २७ टक्क्यांनी कमी झाला. ऐकायला भारी वाटतं, पण १८ गुणांच्या मोजपट्टीवर तो फरक ०.४५ गुणांचा आहे. चाचणीत दर दोन आठवड्यांनी शिरेतून औषध, वारंवार एमआरआय, आणि साधारण आठातल्या एकाला मेंदूत सूज दिसली, बऱ्याच जणांत लक्षणं नसली तरी. अमेरिकेत ते आलं तेव्हा किंमत वर्षाला २६,५०० डॉलर होती. मुख्य म्हणजे ते अगदी सुरुवातीच्या अवस्थेसाठीच आहे आणि आई ती रेषा ओलांडतेय. न्यूरॉलॉजिस्टना सरळ विचार, "आईला हे लागू आहे का, आणि तुमची आई असती तर दिलं असतं का?" त्यांनी नाही म्हटलं तर जमीन विकायचा विषय तिथेच संपव. ती जमीन बाबांच्या पुढच्या दहा वर्षांच्या खर्चाला लागणार आहे.

मावशीच्या हळदीच्या दुधाबद्दलही तू तक्रार केलीयेस. पिऊ दे की आईला. बहीण हातानं करून देते त्याचं मोल वेगळं. मात्र हळदीतलं कर्क्युमिन नळीत गुठळ्या रोखतं म्हणजे माणसात रोखतं असं नाही. ते आतड्यातून फारसं अंगात शिरतच नाही. आणि गंमत म्हणजे ते स्वतःच चमकतं, त्यामुळे थायोफ्लेविनच्या मोजणीतच गोंधळ घालतं. दूध चालेल, पण कर्क्युमिनच्या जास्त मात्रेच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. यकृताला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत.

आता बाबा. "खुशाल जा, मी आहे" यावर तू एका ओळीत पुढे गेलीस. मला तिथेच थांबावंसं वाटलं. बाबांचं वय तू लिहिलेलं नाहीस. रात्री आई किती वेळा उठते, बाबांची झोप किती होते, बाबा शेवटचे कट्ट्यावर किंवा देवळात कधी गेले, यातलं काही पत्रात नाही. आपल्याकडचे बाप "मी आहे" म्हणतात तेव्हा ते बहुतेक वेळा दुसरं काय म्हणावं हे न सुचल्यामुळे म्हणतात.

तेव्हा निर्णयाआधी एक काम कर. नोकरी सोडणारच असशील तर रजा शिल्लक असेल. सलग तीन-चार आठवडे घरी जा. बाबांना त्यांच्या बहिणीकडे पाठव, आणि सगळं एकटीनं कर. आईची आंघोळ, गोळ्या, संध्याकाळची ती घालमेल, "मला घरी जायचंय" असं घरातच बसून म्हणणं. एक वही कर आणि रोज रात्री चार ओळी लिही. किती वेळ, किती माणसं, काय जमलं नाही. महिनाअखेर तुझ्या हाती नेमका हिशेब असेल. तू गेलीस तर तुझ्याऐवजी काय काय लावावं लागेल हे त्यातून कळेल: ब्युरोतून दिवसाची बाई, रात्रीचा माणूस, शेजारच्या काकूंचा एक तास, तुझा रोजचा व्हिडिओ कॉल. हे सगळं लावून झाल्यावर आणि महिनाभर चालवून बघितल्यावर मग जायचं. विमानतळावरून बाईला फोन करत बसू नकोस.

त्याच महिन्यात कागदपत्रं. आईची सही अजून स्थिर आहे तोवर हे व्हायला हवं. मुखत्यारपत्रावर भिस्त ठेवू नका. आई निर्णय घेण्याच्या अवस्थेत राहिली नाही की कायद्यानं ते निकामी होतं, आणि मग पालकत्वासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते. मृत्युपत्र करायचं असेल तर आत्ताच, तिला समजतंय असं सांगणाऱ्या डॉक्टरांच्या दाखल्यासह. बँकेची खाती संयुक्त करा, वारस नोंदी तपासा, पेन्शनचा नोव्हेंबरातला हयातीचा दाखला कोण काढणार ते ठरवा. हे मी प्रत्येक घराला सांगते, परदेशाचा प्रश्न नसला तरी.

रस्ते दोनच नाहीत, हेही बघ. प्राध्यापकांना विचारून वर्षभर पुढे ढकलता येतं का? बऱ्याच ठिकाणी लेखी मागितलं तर मिळतं. खरं कारण लिही, लपवू नकोस. दुसरं म्हणजे, इथेही हे काम होतं. पवईच्या आयआयटीत समीर माजी यांचा गट प्रथिनांच्या गुठळ्यांवर काम करतो. शरीर काही हॉर्मोन्स मुद्दाम अमायलॉइडच्या रूपात साठवून ठेवतं, हे दाखवणाऱ्या २००९ च्या शोधनिबंधाचे ते पहिले लेखक. म्हणजे गुठळी नेहमी खलनायक नसते. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमध्ये टी. गोविंदराजू यांचा गट अमायलॉइड अडवणाऱ्या रेणूंवर काम करतो. फेलोशिप सुरुवातीला महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं, तुझ्या आत्ताच्या पगारापेक्षा नक्कीच कमी. पण पवईहून महालक्ष्मी एक्सप्रेसनं एका रात्रीत घरी पोचता येतं. युरोपातून बाबांचा फोन आला की पोचायला दोन दिवस आणि तिकिटाचे लाख.

माझा कल विचारशील तर वर्षभर ढकल. औषधाशी याचा काही संबंध नाही. आई तुला ओळखते, पेपरवर शेरे देते, विचारलं तर उत्तर देते, असं हे वर्ष आहे. पुढचं कसं असेल कुणी सांगू शकत नाही. प्राध्यापक "नाही" म्हणाले आणि महिन्याच्या वहीत घराचा मेळ बसत असेल, तर मात्र जा, आणि मावशीला माझं नाव सांग. मुलगी घरात बसली की आईची काळजी आपोआप घेतली जाते, हा समज मी पुष्कळ घरांत फसलेला बघितलाय. जवळ राहून चिडचिडणारी लेक आणि लांब राहून दर रविवारी वेळेवर फोन करणारी, बाबांना चांगली बाई लावून देणारी लेक, यातली कोण जास्त उपयोगी हे मावशीनं ठरवायचं नाही.

तुझा शेवटचा प्रश्न. ६५ च्या आत सुरू होणारा अल्झायमर म्हटलं की मुलं घाबरतात. पण एका जनुकातल्या बदलानं जवळजवळ नक्की होणारा प्रकार एकूण रुग्णांत एक टक्काही नाही, आणि तो असतो तिथे बहुधा पिढ्यान्‌पिढ्या, चाळिशी-पन्नाशीतच दिसतो. आजोळी असं कुणाला होतं का ते मावशीला विचार. भांडणाऐवजी बोलायला एक विषय मिळेल. तसं काही आढळलं तर जनुकीय सल्लागाराकडे जा. आधी सल्ला, मग ठरवून चाचणी. घरबसल्या थुंकी पाठवून होणाऱ्या चाचण्यांच्या वाटेला जाऊ नकोस. नाहीतर 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये सांगितलेल्या चौदा गोष्टी बघ: रक्तदाब, साखर, कमी ऐकू येणं, एकटेपणा वगैरे. त्या सगळ्या हाताळल्या तर जगभरातला ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकेल असा त्यांचा अंदाज आहे. बाबांचे कान तपासलेत का कधी?

इतर वाचकांसाठी: भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे, तुम्ही एकटे नाही. ज्येष्ठांसाठीची एल्डर लाइन १४५६७ वर मिळते. १९९२ पासून काम करणारी अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था घरच्या माणसांना मार्गदर्शन करते.

आणि या सगळ्यात आईला कुणी विचारलं का? तीस वर्षं पोरांना "पुढे शीक" म्हणणाऱ्या बाईला? सकाळी, पेपर झाल्यावर, ती ताजी असते तेव्हा विचार. तोंडी सांगितलेलं तिच्याकडे थांबणार नाही, म्हणून कागदावर मोठ्या अक्षरांत लिही: मी अमुक ठिकाणी शिकायला जाते, अमुक महिन्यात येते. किंवा: मी या वर्षी इथेच आहे. खाली तुझं नाव. लाल पेन तिच्या हाताशी असू दे. तिनं काय खूण केली ते बघ, आणि तो कागद फ्रिजवर लाव. दिवसातून दहा वेळा ती "पोर कुठंय?" विचारेल तेव्हा बाबांना त्याच्याकडे बोट तरी दाखवता येईल.